राघो डबल मारत नाही

राघो रोकडे दाढीच्या पाण्यात अफू घालतो, ही बातमी सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात भिवंडीतल्या सगळ्या टेमघरात फिरली. ती कुणी उठवली याचा शोध बऱ्याच जणांनी घेतला. मीही त्यांच्यासोबत मोठ्या तळमळीने घेतला, कारण उठवली मीच होती.

आता खरं सांगून टाकतो. अफूबिफू काही नव्हतं. राघोच्या सलूनमध्ये गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की दहा मिनिटांत त्याची मान मागे पडायची आणि घोरणं सुरू व्हायचं. माझी पिठाची गिरणी राघोच्या गाळ्याला भिंत लावून. गिरणी बंद असली की ते घोरणं मला सुरासकट ऐकू यायचं. बारा तास कापडाच्या लूमवर उभा राहिलेला माणूस, त्याच्या तोंडावर कुणी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल हळूच ठेवला, तर तो झोपणार नाही तर काय भाषण करणार? पण हे कारण फारच साधं होतं, आणि साध्या कारणावर नाक्यावर कुणी कान देत नाही. म्हणून अफू मी घातली. राघोने नाही.

त्याचा परिणाम असा झाला की अंजूरहून दोन म्हातारे रिक्षा करून आले आणि दाढीचं पाणी प्यायला मागू लागले. राघोने त्यांना शांतपणे सांगितलं, "बाबांनो, हे पाणी तोंडाला भायरनं लावायचं. आतनं न्हाय." मग दोघांना बसवून दोघांची दाढी केली. दोघे झोपले. उठल्यावर एकजण गाल चोळत दुसऱ्याला म्हणाला, "माल चांगला हाय." तेव्हापासून ते कायमचे गिऱ्हाईक झाले. म्हणजे माझ्या थापेने राघोचं नुकसान झालं नाही, फायदाच झाला. याबद्दल त्याने माझे आभार अजून मानलेले नाहीत.

माझं नाव जानू. टेमघरात जानू गिरणीवाला म्हटलं की कुणीही घर दाखवील, काहीजण सोबत दोन शब्दही ऐकवतील.

राघो मूळचा दिघाशीकडचा. अठ्ठ्याहत्तर साली भिवंडीत आला आणि लूमवर लागला. लूमवर असतानाच शिफ्ट सुटली की बरोबरच्या कामगारांची दाढी करायचा. एक डबा, एक ब्रश, एक वस्तरा. आठ वर्षांनी त्याने लूम सोडली आणि माझ्या शेजारचा गाळा घेतला. बोर्ड रंगवायला पेंटर आला त्या दिवशी मी शेजारधर्म म्हणून सल्ला दिला.

"राघो, नाव जरा झकपक टाक. 'न्यू फॅशन' टाक, 'डिलक्स' टाक. आडनाव कशाला टाकतोस? आमचे लोक आडनाव वाचतील नि पुढं जातील."

"ज्याला वाचून पुढं जायचं त्यानं जावं, जानूभाऊ. रस्ता रुंद हाय."

आणि बोर्डावर आलं: 'राघो कोंडू रोकडे, हेअर कटिंग सलून.' त्यातही कोंडू हे बापाचं नाव सगळ्यात ठळक. पेंटर विचारत होता की सलून बापाचं आहे की लेकाचं. राघो म्हणाला, "दोघांचं."

मी म्हटलं तसंच झालं. आमचे लोक, म्हणजे पूर्वी शेतीवर नि खाडीवर जगणारे आणि आता गाळे, गोडाऊन, लूम यांचे मालक झालेले, बोर्ड वाचत आणि पुढे जात. राघोची माणसं बौद्ध. त्यांच्या हातचा चहा पिण्याइतके आम्ही सुधारलो होतो, पण मान मागे टाकून त्यांच्या हातात गळा द्यायचा म्हणजे आमची सुधारणा तिथे अडायची. गाळा होता केसरीनाथशेठचा. शेठना राघोकडून भाडं घ्यायला जात आड येत नव्हती, खुर्चीत बसायला येत होती.

आणि मी? भिंतीला भिंत असून मी सात महिने त्या खुर्चीवर बसलो नाही. नाक्यावरच्या दुसऱ्या सलूनमध्ये जायचो आणि तिथून सोललेल्या कारल्यासारखी मान घेऊन परत यायचो. त्यात गिरणीचं पीठ उडून बसायचं. माझी बायको बकुळा एक दिवस अभ्रा माझ्यापुढे धरून म्हणाली, "तुमच्या गळ्याचं रक्त मी किती दिवस धुवायचं? शेजारी तो माणूस बसलाय, तिथंवर जायला तुमचे पाय दुखतात काय?"

पाय दुखत नव्हते. काय दुखत होतं ते मला तिला सांगता येईना. म्हणून गेलो.

राघोने मला बसवलं आणि पहिलं काम म्हणजे वस्तऱ्याला हातच लावला नाही. मंदाने, म्हणजे त्याच्या बायकोने, स्टोव्हवरच्या पातेल्यातून टॉवेल काढून दिला. तो पिळून त्याने माझ्या तोंडावर गुंडाळला. आमच्याकडे बोअरचं पाणी खारट, त्यात साबणाला फेस म्हणून येत नाही. मंदा दाढीसाठी वेगळं नळाचं पाणी भरून ठेवायची, पहाटे रांग लावून. टॉवेल थंड झाला की दुसरा. मग राघोने डोळे मिटले आणि बोटं माझ्या मानेवर अशी फिरवली, जशी माझी आजी तांदूळ चाचपून बघायची.

"जानूभाऊ, तुमच्या मानेवर दोन भोवरे हायत."

"बघ बाबा, कुणाला सांगू नकोस."

"डाव्या अंगाचा केस वर जातो. उजव्या अंगाचा कानाकडं. आजवर सगळ्यांनी वरनं खाली नि खालनं वर ओढलाय. केसाची वाट बघितलीच न्हाय कुणी."

माणसाच्या मानेवर वाटा असतात, हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं.

मग फेस. तो ब्रशने गोल गोल, केस उभे राहीपर्यंत, घाई नाही. वस्तऱ्यात नवी अर्धी पत्ती माझ्यासमोर मोडून घातली. अंगठ्याने कातडी ताणून धरली आणि वस्तरा असा फिरवला की तो फिरतोय की नाही याची शंका यावी. दोन ओढी झाल्या की पुसायचा. भोवऱ्याशी आला की हात वळवायचा, मी वळायचो नाही. झालं. थंड पाणी. तुरटी ओली करून नुसती टेकवली, इतरांसारखी विटेने भांडं घासावं तशी घासली नाही. वर खोबरेल तेलाचा एक थेंब.

मी गालावर तळहात फिरवला. थोडं खरखरीत लागलं. म्हटलं, "आता डबल मार."

डबल म्हणजे काय ते सांगतो. एकदा केसाच्या वाटेने वस्तरा फिरवायचा आणि मग पुन्हा फेस लावून उलट्या बाजूने ओढायचा. गाल काचेसारखा होतो. भिवंडीत दाढी झाली की नाही हे तळहातावर ठरतं. तळहात घसरला तर दाढी, अडकला तर फसवणूक. दुसऱ्या दिवशी त्या काचेवर लाल फोड येतात ही गोष्ट वेगळी. तिचा संबंध आम्ही उन्हाशी जोडतो, नाहीतर वांग्याच्या भाजीशी.

"डबल न्हाय," राघो म्हणाला.

"अरे, सगळे मारतात."

"सगळ्यांची मान तुमच्यासारखी हाय. माझ्या खुर्चीवर डबल न्हाय."

दुसऱ्या दिवशी मानेची आग झाली नाही. चौथ्या दिवशी बकुळाने अभ्रा हातात धरून उलटसुलट पाहिला आणि एक शब्द न बोलता ठेवून दिला. आमच्या संसारात तो मोठा प्रसंग आहे.

लूमवरचे कामगार मात्र पहिल्यापासून राघोचे. उत्तरेकडून आलेले, दक्षिणेकडून आलेले. त्यांना बोर्डावरचं आडनाव वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी त्यांना मान वाचवायची होती. शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे शुक्रवारी राघोच्या दारात रांग. राघोचा त्यांच्यावरही वचक.

"जा, पहले नहाके आ."

"चाचा, दाढ़ी तो बनाने दो, नहा लूँगा बाद में."

"दाढ़ी में रुई भरेली है. रुई के ऊपर पत्ती चलाएगा तो चमड़ी निकलेगी. नहाके आ."

"और डबल मारोगे ना?"

"डबल मँगता है तो सामने जा. इधर खून नहीं निकालता मैं."

आणि तो कामगार खरोखर आंघोळ करून परत यायचा. बिऱ्हाडात पाण्याच्या एका बादलीवरून भांडणारी माणसं राघोच्या एका शब्दावर आंघोळ करून येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या शब्दावर माझा भाचासुद्धा हात धूत नाही.

महिन्यातून एकदा दिघाशीहून एस्टीने राघोचा बाप यायचा. कोंडूबाबा. पांढरं धोतर, हातात काठी, गळ्याभोवती उपरणं, आणि ते काढलं की मान अशी की नजर तिथून हटू नये. कातडीवर खड्डे, गाठी, जुने वण. राघो त्या दिवशी दुसरं काम बाजूला ठेवायचा आणि बापाला खुर्चीवर बसवून तासभर दाढी करायचा. मी एकदा सवयीप्रमाणे जीभ सोडली.

"बाबा, लेक एवढा कारागीर नि तुमची मान अशी नांगरलेली कशी?"

कोंडूबाबा आरशातून हसले. "लेक व्हायच्या आधीची नांगरणी हाय ती."

मग त्यांनीच सांगितलं. त्यांच्या तरुणपणी गावचा न्हावी त्यांच्या वस्तीला हात लावत नसे. बाप्ये आपापली करायचे. फुटक्या काचेने, नाहीतर कुणीतरी टाकलेली पत्ती बांबूच्या चिपेत खोचून. आरसा नाही, साबण नाही, कोरड्या मानेवर.

"माझ्या लग्नाला आमच्या बापानं न्हाव्याचे पाय धरले," कोंडूबाबा म्हणाले. "तो म्हणला, करतो, पण गोठ्यामागं. कुणी बघायच्या आत. बोथट वस्तरा, पाण्याचा थेंब न्हाय, दोनदा उलटा ओढला नि पळाला. संध्याकाळी त्याच मानेवर हळद लावली. पेटलो मी. लग्नात मान वाकडी करून हुबा होतो. आमच्या बायकोला वाटलं, नवरा जन्माचाच वाकडा हाय."

ते स्वतःच हसले. राघो हसला नाही. त्याचा अंगठा बापाच्या मानेवरच्या एका वणापाशी थांबला होता.

"हा बारा वर्साचा झाल्यावर म्हणला, बाबा, मी करतो. चुलीवर पाणी तापवलं. बोटानं चाचपून चाचपून केली. मी त्याला एकच सांगितलं, सावकाश. दुसरं काय शिकवलं न्हाय."

गाव कुठलं म्हणून नाक मुरडू नका. आमच्याही गावात हीच रीत होती, आणि गोठे आमचेच होते. त्या दिवशी मला लगेच विनोद सुचला नाही. बकुळाने ती तारीख लिहून ठेवायला हवी होती.

आता केसरीनाथशेठच्या घरातल्या लग्नाची गोष्ट. त्र्याण्णवचा वैशाख. शेठचा मुलगा नवशा, वय चोवीस, गोरा, देखणा, आणि गळ्यापासून जबड्यापर्यंत लाल फोडांनी भरलेला. त्याला काचेसारखा गाल हवा असायचा. रोज सकाळी डब्यातला फेस लावून तो स्वतः डबल मारायचा, कधी कधी तिसऱ्यांदाही. फोड आले की ते लपवायला आणखी घोटून करायचा. अंजूरची मुलगी ठरली होती. साखरपुड्यात मुलीची मावशी नवशाच्या मानेकडे एकटक बघत राहिली आणि परत जाताना म्हणाली, "पोराला काय रोगबिग न्हाय ना? लग्नाच्या आधी एकदा नीट बघू." लग्नाला तिच्यासोबत व्हिडिओ शूटिंगवालाही येणार होता, हॅलोजनचे दोन दिवे घेऊन. त्या उजेडात कुणाचं काही लपत नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ माझ्या गिरणीत आले. एरवी दळण गड्याबरोबर पाठवणारा माणूस.

"जानू, गिरणी बंद कर जरा."

मी पट्टा उतरवला.

"राघोला सांग, दुपारी तीनला घरी यायचं. गोठ्याच्या बाजूनं. नवशाचं बघायचं नि जायचं."

"गोठ्याच्या बाजूनं कशाला, शेठ? पुढचं दार बिघडलंय?"

"तुला कळत न्हाय काय?"

"कळतंय, म्हणून तर विचारतोय."

शेठनी रुमालाने मान पुसली. "आनि हे बी सांग. गाळा माझा हाय."

मी शेजारी राघोकडे गेलो. निरोप पोचवताना मी सहसा पदरचा मसाला घालतो. त्या दिवशी घातला नाही. होता तसा सांगितला. राघो ब्रश धूत होता. त्याने ब्रश दोनदा झटकला.

"गोठ्यामागं?"

"हो."

"आमच्या घरातली गोठ्यामागची दाढी एकदाच झाली. माझ्या बापाची. ती शेवटची."

"अरे बाबा, गाळा त्याचा आहे."

"गाळा त्यांचा. हात माझा. त्यांनी पुढच्या दारानं यावं, ह्या खुर्चीवर बसावं, दिवसाउजेडी. दुसरं मी काय मागत न्हाय. गाळा काढून घेतला तर खुर्ची डोक्यावर घेऊन दुसरीकडं जाईन."

मंदा आतून म्हणाली, "खुर्ची मी घेईन. तुम्ही आरसा घ्या. तुम्हाला वजन झेपत न्हाय, खुर्ची पाडाल."

"आनि शेठना सांगा," राघो पुढे म्हणाला, "पोराला रोग न्हाय. जातायेता बघितलंय मी. डबल मारून मारून केस कातडीच्या आत वळलेत. आठ-दहा दिवसांत बरं होतंय. पण खुर्चीवर."

मी तेही जसंच्या तसं सांगितलं. शेठचा चेहरा बघून मला घरी जावंसं वाटलं. "सांग त्याला," ते म्हणाले, "महिनाअखेर गाळा खाली कर."

हे राघोला सांगितलं तेव्हा त्याने फक्त मंदाला विचारलं, "खुर्ची बांधायला सुंभाचा दोर कुठं ठेवलाय?" तिने तो काढून दारातल्या खिळ्याला टांगून ठेवला. सात वर्षं नळाचं पाणी भरलं, टॉवेल उकळले, बापाचं नाव बोर्डावर लावलं, आणि सगळं त्या दोरावर लटकत होतं. गिरणीच्या दारातून तो मला रोज दिसायचा. त्या दिवसांत माझं पीठ जाडं यायचं, अशी तक्रार होती.

पुढच्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता राघोच्या दारात रांग लागलेली, लूम बंद असल्यामुळे रस्त्यावर शांतता. आणि रस्त्याच्या मधोमध शेठची आई, आक्का, चालत येत होती. पंचाहत्तरीची म्हातारी, लाल लुगडं गुडघ्याशी कसलेलं, हातात नातवाचं मनगट. नवशा मागे खेचला जात होता, बाजारात नेलेल्या बोकडासारखा. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत डोकी.

"राघो, ह्याला बसव."

"आक्का, लाईन हाय."

रांगेतला एक कामगार हसून बाजूला झाला. "पहले दूल्हे को बिठाओ, चाचा." बाकीचेही सरकले. नवशा खुर्चीवर बसला. आक्का दारातच उंबऱ्यावर टेकली, सगळ्यांना दिसेल अशी.

"केसरीनाथला म्हणलं," ती मोठ्याने बोलली, रस्त्यालाही ऐकू जावं म्हणून, "तुला तोंड लपवायचं तर लपव. माझ्या नातवाला तोंड दाखवायचंय."

राघोने नवशाच्या तोंडावर टॉवेल ठेवला, काढला, डोळे मिटून बोटं फिरवली. बराच वेळ. मग टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाला, "आज न्हाय."

"आज न्हाय म्हणजे?" आक्का उठलीच.

"आठ दिवस पातं लावायचं न्हाय. रोज यायचं. गरम टॉवेल, तेल, नि घरी जायचं. आत वळलेला केस आधी भायेर येऊ दे. मग दाढी."

"आनि तोवर?"

"तोवर वाढंल."

इथे खरी मजा झाली. आमच्यात लग्नघरच्या माणसाची दाढी वाढली की लोकांना एकच अर्थ कळतो. चौथ्या दिवशी नाक्यावर शेठना एकाने हात जोडून विचारलं, "शेठ, कोण गेलं?" शेठ घरात बसले. सहाव्या दिवशी अंजूरहून सोयऱ्यांचा माणूस आला, सुतक असेल तर तारीख पुढे ढकलू म्हणून. आक्काने त्याला ओटीवरूनच उत्तर दिलं, "कोण मेलं न्हाय. पोरगा पिकायला ठेवलाय." यात मी एका शब्दाचीही भर घातलेली नाही. गरजच पडली नाही.

नवशा मात्र रोज आला. पुढच्या दाराने, दिवसाउजेडी. तिसऱ्या दिवशी मानेची लाली उतरली. पाचव्या दिवशी फोड सुकले. राघो मधूनच सुईचं टोक उकळत्या पाण्यातून काढून एखादा वळलेला केस अलगद वर उचलून ठेवायचा, उपटायचा नाही. "उपटला की पुन्हा आतच येतो," म्हणायचा.

आता एक अडचण उरली होती. आमच्या रीतीने नवरदेवाची दाढी हळदीच्या दिवशी मांडवात होते, सगळ्यांसमोर, आणि लगेच त्यावर हळद. तो मान हिरामणचा. पिढ्यान्पिढ्या आमच्या घरांची कामं करणारा म्हातारा न्हावी, हात आता थरथरणारा. ताज्या कापलेल्या कातडीवर हळद म्हणजे कोंडूबाबांची मान पुन्हा पेटायची. राघोने आक्काला सांगितलं, "दाढी मी आदल्या दिवशी करतो. कातडीला एक रात मिळू दे. मांडवात हिरामणकाकांनी बसावं. नारळ, सुपारी, कापड, मान, सगळा त्यांचा. मला त्यातलं काय नको. फक्त काकांना सांगा, वस्तऱ्यात पत्ती घालू नका."

हिरामणला हे ऐकून उलट बरं वाटलं. मला म्हणाला, "जानू, माझा हात कापतो. पोरगा कापण्यापेक्षा हे बरं."

आदल्या दिवशी राघोने नवशाची दाढी केली. तासभर लागला. तीन टॉवेल, दोन पत्त्या, आणि एकदाच, केसाच्या वाटेने. नवशाने सवयीने गालावर तळहात फिरवला आणि तोंड उघडलं. राघो म्हणाला, "न्हाय." त्याने तोंड मिटलं.

हळदीला ठकुबाई धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती, आणि हिरामण रिकामा वस्तरा नवशाच्या गालावरून अशा ऐटीत फिरवत होता की बघणाऱ्याला वाटावं केस पडतायत. हळद लागली. नवशाने डोळासुद्धा मिचकावला नाही. दुसऱ्या दिवशी हॅलोजन पेटले तेव्हा मुलीची मावशी नवरदेवाच्या मानेजवळ इतकी वाकली की अक्षता तिच्याच डोक्यावर पडल्या. मग ती सरळ झाली आणि म्हणाली, "साखरपुड्याला दुसराच पोरगा दाखवला होता काय?"

राघो, मंदा आणि कोंडूबाबा लग्नाला आले होते. आक्काने स्वतः सलूनमध्ये जाऊन पत्रिका दिली होती. मांडवाच्या पुढच्या कमानीतून तिघे आत आले. कोंडूबाबांनी मानेभोवती उपरणं घेतलं नव्हतं. मी पहिल्यांदाच त्यांना उघड्या मानेने बाहेर पाहत होतो. शेठनी दुसरीकडे बघितलं.

त्यामुळे दोर खिळ्यावरच होता. गाळा खाली कर हा शब्द शेठनी मागे घेतलेला नव्हता, आणि महिना संपायला दोन दिवस उरले होते.

तो शुक्रवार होता. रांग होतीच. शेठ रस्त्याच्या पलीकडून येताना दिसले आणि सगळ्यांना वाटलं, गाळा मागायला आले. मंदाने खिळ्यावरचा दोर काढून हातात घेतला. मी गिरणी बंद करून दारात उभा राहिलो, खोटं का सांगू, काही चुकायला नको म्हणून. शेठ पायरीवर थांबले. बोर्डाकडे वर बघितलं, वाचायला लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ. मग आत आले आणि खुर्चीवर बसले.

"कर," एवढंच म्हणाले.

मंदाने दोर खाली ठेवला आणि टॉवेल उचलला.

राघोने टॉवेल लावला, काढला, बोटं फिरवली, फेस केला. बाहेर एवढी माणसं, सगळ्यांचे डोळे आत. अर्धी दाढी झाल्यावर शेठच बोलले.

"लोक म्हणतात तू पाण्यात अफू घालतोस," ते डोळे मिटूनच म्हणाले.

मला खोकला आला.

"लोक न्हाय, शेठ. एकच माणूस म्हणतो," राघो म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शेठ गालातल्या गालात हसले. मग जरा वेळाने, अगदी हळू, पण पायरीपर्यंत ऐकू येईल असं त्यांनी विचारलं, "एवढा हलका हात, राघो. शिकलास तरी कुणाकडं?"

राघोने वस्तरा पुसला.

"माझ्या बापाच्या दाढीला कुणी हात लावत न्हवतं, शेठ. म्हणून शिकलो. आता मान जरा वर करा."